हळदीखालची कावीळ

"मारलं, मारलं हिनं मला! पंच बोलवा, मुडदा पडायच्या आत बोलवा!"

सासूबाई ओरडत होत्या आणि माझी चार बोटं त्यांच्या उजव्या बरगडीखाली रुतलेली होती. हे मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारलं नव्हतं. आवाज असा होता की लातूरच्या गंजबाजारात तुरीचा लिलाव चालला होता तो थांबला. अडत्याला वाटलं, कुणीतरी मोठी बोली लावली. हमालांनी पाठीवरची पोती खाली टाकली. आमच्या माळवदावरची कबुतरं उडाली ती, शपथेवर सांगते, औशाच्या किल्ल्यावर जाऊन बसली आणि परत आलीच नाहीत.

खोलीच्या दाराला पासोडी बांधून पडदा केला होता. पलीकडे खुर्चीवर सरकारी दवाखान्याचा डॉक्टर बसला होता, शेरवानीची सगळी बटणं लावून. त्याच्या शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मागे भिंतीला चिकटून आमचे हे.

"और अंदर दबाओ," डॉक्टर म्हणाला. "फिर बोलो, लंबी सांस लेव."

"आत्याबाई, लांब श्वास घ्या," मी सासूबाईंना म्हणाले.

त्यांनी श्वास घेतला तो माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला. पण तो भरलाच नाही. अर्ध्यात कचकन तुटला, आणि शिवी माझ्या आजोबांपर्यंतही पोचली नाही.

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. डॉक्टर पुढं सरकला होता.

हे इथवर कसं आलं ते सांगते. मी मुखेडची. वडील तिथल्या कचेरीबाहेर बसून लोकांना उर्दूत अर्ज लिहून देत, त्यामुळे मला चार उर्दू अक्षरं आणि चाळीस-पन्नास उर्दू शब्द येत होते. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेवढ्यावर माणूस तहसीलदार व्हायचा, पण मला सून केलं. घर लिंगायतांचं, अडतीचं, भरलेलं. भरलेलं म्हणजे त्यात सासूबाई होत्या. दुसऱ्या कुणाला फारशी जागाच उरत नव्हती. त्या नुसत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या की चुलीवरचं दूध उतू जायचं विसरायचं. मी आल्या दिवसापासून त्यांना खटकले. मला त्या खटकायला मात्र दोन दिवस लागले, पहिला दिवस मी घोंगडीआड रडण्यात घालवला होता.

त्यांचं एक व्रत होतं म्हणा, हौस म्हणा. आंघोळ झाली की हळकुंड उगाळून तोंड, गळा, हात, पाय माखायचे. आमच्याकडे सवाशिणी हळद लावतातच, उदगीर-निलंग्याकडं तर भरपूर. पण सासूबाई लावायच्या ते भिंत सारवल्यासारखं. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे आणि खाली सगळा पिवळा मुलूख. त्यांच्या अंगाचा मूळ रंग कोणता, हे मामंजींनाही आठवत नसावं. या हळदीनं पुढं सगळा घोळ केला.

पहिला झटका आला येळवशीला. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी, उंडे, आंबील खातं. भज्जी मी केली होती, वर बोटभर तेल. सासूबाईंनी तिघांची एकटीनं खाल्ली. दिवेलागणीला घरी आलो तोवर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. दुखणं तिथून पाठीवर, खांद्याच्या पात्यापर्यंत चढलं. ओकाऱ्या झाल्या. मग हुडहुडी. चार गोधड्या, दोन घोंगड्या आणि वर मी बसलेली, तरी त्या थंडीनं पलंग हादरत हादरत दारापर्यंत गेला. सहाव्या दिवशी आपोआप बऱ्या झाल्या, उठून बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या की भज्जीत काहीतरी घातलं होतं.

ती भज्जी अकरा माणसांनी खाल्ली होती. गड्यांनी खाल्ली होती. कुत्र्यानं चाटून पातेलं इतकं लख्ख केलं की घासावं लागलं नाही. ते कुत्रं पुढं म्हातारं होऊन मेलं. पण हे मोजायला कुणी तयार नव्हतं. वर्षातले बाकीचे साडेतीनशे दिवसही मीच रांधत होते आणि त्या ठणठणीत होत्या, हेही कुणी मोजलं नाही.

महिन्याभरानं वैद्यबुवा आले. तोवर सासूबाई दोन भाकऱ्या जास्त खात होत्या. बुवांनी लांबूनच तोंड पाहिलं, डोळे मिटले, आणि कावीळ आहे म्हणून सांगितलं. कावीळ कसली, ती सकाळची ताजी हळद होती. पण बुवांना तसं सांगणार कोण? त्यांनी कसल्याशा मुळीच्या काड्यांची माळ गाठून डोक्यावर ठेवली. माळ रोज लांबते, कानांवरून गळ्यात उतरते, तशी कावीळ उतरते, असं त्यांचं शास्त्र. माळ खरंच लांबली. सगळं घर हात जोडून बघत होतं. मला राहवलं नाही. मी तसल्याच ओल्या काड्या आणल्या, तशाच गाठी मारल्या आणि माळ माजघरातल्या खुंटीला अडकवली. काड्या वाळल्या, गाठी सैल झाल्या आणि आठ दिवसांत खुंटीचीही कावीळ उतरली. हे मी आमच्या ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "आईला सांगू नको." एवढा सल्ला देऊन ते दुकानात गेले.

बुवांनी पथ्य सांगितलं की जेवणात हळद नको. घरानं चाळीस दिवस पांढरं वरण खाल्लं. अंगाला मात्र हळद चालू होती, कारण ती सवाशिणीची.

दुसरा झटका पाडव्याला, तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्यांवर. पुन्हा तीच कूस, तीच हुडहुडी. या वेळी मामंजी स्वतः सरकारी दवाखान्यात गेले. बाईमाणसाला परपुरुषापुढं न्यायचं नाही, म्हणून बाईचं दुखणं मामंजी आपल्या तोंडानं सांगून आले. पोटात दुखतं हे सांगायला ते विसरले, कारण पोट त्यांचं दुखत नव्हतं. थंडी वाजून ताप येतो म्हणाले. डॉक्टरनं विचारलं, पिवळ्या दिसतात का? मामंजींनी अभिमानानं सांगितलं, "पिवळी तर हायच. सवाशीण हाय." डॉक्टरनं हिवताप ठरवून कुनैन दिलं.

कुनैननं त्यांच्या कानात घंटा वाजायला लागल्या. त्या घंटाही मीच घातल्या, असं ठरलं. पाच दिवसांनी ताप गेला. डॉक्टर म्हणाला, कुनैननं गेला. बुवा म्हणाले, माळेनं आधीच निम्मा नेला होता. बरं करण्याचं श्रेय दोघांनी वाटून घेतलं आणि आजारी पाडण्याचं सगळं माझ्या वाट्याला ठेवलं.

आता मी काय पाहत होते ते लिहिते. त्यांची पातळं मी धूत होते, भांडी मी उचलत होते. सून असण्याचा एवढाच फायदा की सासूचं जे वैद्याला दिसत नाही ते तिला दिसतं, नको असलं तरी. पहिल्या दिवशी नुसतं दुखणं. त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी हुडहुडी आणि ताप. तिसऱ्या दिवशी लघवी काढ्यासारखी, पातळाला लागलेला डाग दगडावर आपटून जात नव्हता. आणि शौचाचा रंग राखेसारखा, पांढुरका. मग अंगाला खाज; ज्वारीच्या धाटानं मी त्यांची पाठ खाजवून द्यायची. अंगण खरवडल्यासारखा आवाज यायचा. मग एके दिवशी सगळं ओसरायचं, डाग जायचा, शौचाचा रंग परत यायचा. दोन्ही वेळा हाच क्रम. चुलीवर भाजी चढवावी तसा ठरलेला.

तिसरा झटका पोळ्याला. त्या दिवशी माझ्या पोळ्या बैलांनीही खाल्ल्या होत्या आणि बैल मजेत होते. सासूबाई मात्र आडव्या. दोन दिवस कण्हल्या आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, सगळ्या घराला गोळा करून त्यांनी सांगितलं की या घरात एकतर ही सून राहील नाहीतर मी. मामंजींनी माझ्याकडं न बघता गड्याला हुकूम दिला, गाडी काढा, हिला मुखेडला सोडून या.

मुखेडला सोडणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या माणसाला सांगावं लागत नसे. सासूला विष घालणारी म्हणून परत आलेली मुलगी. मागं दोन बहिणी लग्नाच्या. माझ्याआधी ती बातमी जळकोटवरून मुखेडला पोचली असती आणि वडिलांच्या पुढ्यात अर्ज लिहून घ्यायला कुत्रंही बसलं नसतं.

मला वाचवलं ते बैलांनी. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी आमच्या घरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो नंदीचा दिवस. सून टाकायची घाई कितीही असो, बैलाची सुट्टी बुडवायची नाही. गाडी मंगळवारी निघणार होती. माझ्या हाती एक दिवस आला.

त्या सोमवारी सकाळी हुडहुडी पुन्हा भरली. मामंजींनी कुनैन आणायला माणूस पाठवला आणि कुनैनऐवजी डॉक्टरच तणतणत आला. हिवताप असा दोन-चार महिन्यांनी, सणावाराला पंचांग बघून येतो का, हे त्याला बघायचं होतं. आणखी कुनैन दिलं तर बाई ठार बहिरी होईल म्हणाला. मला मनातून ते फार वाईट वाटलं नाही; पण बहिरी होऊन मुकी थोडीच होणार होती?

मामंजी त्याला सांगत होते की आधी ताप येतो. आत आत्याबाईंच्या पायाशी बसलेली मी. माझ्या तोंडून निघून गेलं, "नै साब. पैले दरद."

ओसरीवर असा सन्नाटा झाला की भिंतीतली वाळवी खायची थांबली. सुनेचा आवाज परपुरुषानं ऐकला होता, तोही उर्दूत.

"कौन बोली?" डॉक्टरनं विचारलं.

उत्तर मीच दिलं. उद्या जाणारच होते, आज कशाला भ्यायचं. आधी दुखणं, मग थंडी-ताप, मग काढ्यासारखी लघवी, राखेसारखं शौच, खाज, आणि सगळं आपोआप जातं. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत, एका दमात सांगितलं. सासूबाई मध्येमध्ये म्हणत होत्या की बघा, विष घालणाऱ्यालाच क्रम माहीत असतो.

डॉक्टरला पोट दाबून बघायचं होतं. सासूबाईंनी सांगितलं की परपुरुषाचा हात लागण्याआधी त्या जीभ हासडून मरतील. घरात दुसरी बाई मी. तेव्हा डॉक्टर पडद्याआडून सांगणार आणि मी दाबणार, असं ठरलं. मी त्यांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी हलकेच बाजूला सरकवली आणि मग ते सुरू झालं जे तुम्ही वर वाचलंत.

"अब बाईं तरफ," डॉक्टर म्हणाला.

डावीकडं दाबलं. सासूबाईंनी श्वास घेतला, पूर्ण घेतला, आणि शिवी माझ्या खापरपणज्यांपर्यंत विनाअडथळा गेली. पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाला, डावीकडं हिवतापात सुजते ती प्लीहा सुजलेली नाही, दुखणं नाही. पुन्हा उजवीकडं. पुन्हा दाबलं, पुन्हा शिवी अर्ध्यात तुटली. तो नुसत्या शिव्यांच्या लांबीवरून रोग ओळखत होता. पुढं मी मोठमोठे डॉक्टर पाहिले, पोटावर यंत्र फिरवून पडद्यावर खडा दाखवणारे पाहिले, पण असा कान पाहिला नाही.

"पीली है क्या?" त्यानं विचारलं.

"सवाशीण हाय," मामंजी सुरू झाले.

"हलदी पोंछो," डॉक्टर म्हणाला.

मामंजी ताडकन उठले. जित्या नवऱ्याच्या बाईची हळद पुसायची म्हणजे नवऱ्याचं मरण मागायचं, आणि तो नवरा ते स्वतः होते. आमचे हेही भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढं आले, लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी तिसऱ्यांदा दाबलं. हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, त्यातलं निम्मं रोग ओळखण्यासाठी होतं आणि निम्मं पाडव्याच्या त्या घंटांसाठी.

त्यांचे हात सुटले. तोंड उघडलं ते घशापर्यंत, जीभ टाळ्याला लागली, आणि डोळे खोबणीतून बाहेर यायला निघाले. जिभेखाली झेंडूच्या पाकळीसारखं पिवळं होतं. बुबुळांभोवती तेच. तिथं कुणी हळद लावत नाही, सासूबाईसुद्धा नाही.

"जबान के नीचे पीली है, साब," मी म्हणाले. "आँख भी."

डॉक्टर खुर्चीतच मामंजींकडं वळला. मग त्यांना आपल्या मोडक्या मराठीत सांगायला लागला. हा हिवताप नाही आणि वैद्यबुवांची कावीळही नाही. पित्त आतड्यात यायची एक नळी असते. तिच्यात खडा अडकला आहे. घरची मोरी तुंबली की पाणी मागं साचतं, कुजतं, तसं पित्त मागं कुजलंय, त्याचा पू होतोय, त्याची हुडहुडी. खडा हलला की मोरी वाहते आणि बाई उठून बसते, म्हणून सगळ्यांना वाटतं आपल्या औषधानं गुण आला. एखाद्या वेळी हलणार नाही, तेव्हा बाई जाईल. कुनैन बंद, बुवा तापल्या सळईनं डाग द्या म्हणतील तर देऊ नका. छोट्या रेलगाडीनं सरहद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात मिशनच्या दवाखान्यात न्या, तिथं पोट उघडून खडा काढतात. पोट उघडलं तरी जगेलच असं तो सांगत नव्हता. निघताना पडद्याकडं तोंड करून म्हणाला की आधीच कुणी हे सांगितलं असतं तर पाडव्यालाच कळलं असतं. ते मामंजींना लागलं आणि मला लागू पडलं.

पोट फाडायचं म्हटल्यावर मामंजी नको म्हणाले. त्यांना वाटलं सासूबाई तर घर डोक्यावर घेतील. पण त्या उशीवरून म्हणाल्या, "न्या. फाडू द्या पोट. हिनं काय घातलंय ते सगळ्यांम्होरं निघंल. आन हिलाबी संगं घ्या. निघताना हिनं बघाया पायजे."

अशी ती लातुरातली पहिली बाई असावी जी जीव वाचवायला नाही, सुनेवरचा गुन्हा शाबीत करायला ऑपरेशनला गेली. अट पक्की झाली: पोटात विष निघालं तर मी तिथूनच परस्पर मुखेडला. गाडीत दिवसभर त्या पदर घट्ट ओढून माझ्यासमोर बसल्या होत्या. प्रत्येक स्टेशनावर हुडहुडी भरत होती आणि प्रत्येक स्टेशनावर त्या मला सांगत होत्या की आता थोडंच राहिलं.

तिथली डॉक्टरीण बाई गोरी होती आणि सासूबाईंपेक्षा दांडगी. तिनं आधी ओल्या फडक्यानं हळद पुसली, कुणाला विचारलं नाही. मामंजी त्या वेळी बाहेर झाडाखाली बसून स्वतःची नाडी बघत होते. ऑपरेशन झालं. बाहेर येऊन तिनं बाटली मामंजींच्या हातात दिली. सतरा खडे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही तुरीएवढे, आणि नळीत अडकलेला एक चांगला हरभऱ्याएवढा. मागं पू साचला होता, म्हणाली, आणखी चार दिवस गेले असते तर आणायची गरज नव्हती. मामंजींनी विचारलं, विष? तिनं दुभाष्याकडं दोनदा चौकशी केली की हा माणूस काय विचारतोय. मग नाही म्हणाली.

मामंजी आमच्या ह्यांना म्हणाले की मुखेडच्या गाडीचं राहू द्या. पण आमच्या घरात मामंजींचं म्हणणं मामंजींपुरतंच असे. सासूबाईंच्या तोंडून निघेपर्यंत काहीच ठरत नसे, आणि त्या महिनाभर खाटेवर पडून छताकडं बघत होत्या. मी पेज भरवत होते. त्या गिळत होत्या आणि दर घासाला माझ्याकडं बघत होत्या, जिवंत राहिल्याचा राग असावा तसं.

परतताना मोगलाईची हद्द लागली, तिथं करोडगिरीचा नाका. जकातीच्या कारकुनानं बोचकी सोडली आणि बाटली त्याच्या हाती लागली. त्यानं ती उन्हात धरली. सतरा खडे चमकले. असा माल त्याच्या जन्मात नाक्यावर आला नव्हता. कसली रत्नं आहेत म्हणून त्यानं दोन शिपाई बोलावले. मामंजींनी सांगितलं, बायकोच्या पोटातले खडे आहेत. शिपाई हसले. कारकून हसला नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"पेट में कंकर?" तो म्हणाला. "गए कैसे?"

सासूबाई बोचक्यावर बसल्या होत्या. तोंडाला पुन्हा हळद लावलेली, पण आता पातळ, खालचा रंग दिसेल एवढीच. त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आवाज न चढवता कारकुनाला सांगितलं,

"ज्वारी ही निवडत होती. आता माझ्याम्होरं बसून निवडंल."